आंबुशीची आफ्रिकन भावंडे : छंद, साम्राज्य आणि एका कंदाची घुसखोरी

या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक वेळा लढाया, सीमा आणि सैन्य याच विषयांवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. आज मी एका फुलझाडाच्या कंदाबद्दल बोलणार आहे. निवृत्तीनंतर माणूस बागकामाकडे वळला म्हणजे आता त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरले नाही, असे समजू नका. या एका कंदाच्या इतिहासात भारताचा सागरी मार्ग आहे, दोन युद्धे आहेत, एक सम्राट आहे, माझ्यासारखेच गणवेशातले दोन अधिकारी आहेत, आणि शेवटी माझी स्वतःची एक चूकही आहे.

ओळख घरचीच आहे

ऑक्झॅलिस हे नाव परके वाटेल, पण हे कुळ आपल्या अंगणातले आहे. कुंडीत, फरशीच्या फटीत, नळाजवळच्या ओलीत तीन पानांची एक छोटी वनस्पती उगवते. पान चावले की आंबट लागते. लहानपणी आपण सगळ्यांनी ते खाल्ले आहे. तीच आंबुशी. आयुर्वेदात तिला चांगेरी म्हणतात. तिच्यापासून केलेले चांगेरी घृत वैद्यांना चांगले माहीत आहे. तिच्या आंबटपणाचे कारण म्हणजे पानातले ऑक्झॅलिक आम्ल.

जगात या कुळाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांची दोन मोठी माहेरघरे आहेत. एक दक्षिण अमेरिका आणि दुसरे आफ्रिकेचे दक्षिण टोक, म्हणजे केप. एकट्या दक्षिण आफ्रिकेत सुमारे २०० जाती आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या कंदावर जगतात. आपल्या नर्सरीत जांभळ्या त्रिकोणी पानांचे जे ऑक्झॅलिस मिळते, ते दक्षिण अमेरिकेचे. आज मला सांगायची आहे ती मुख्यतः केपच्या कंदांची गोष्ट.

केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तिथल्या ऑक्झॅलिसने आपले वेळापत्रक तसे बसवले. पावसाची चाहूल लागली की पाने फुटतात, फुले येतात. ऊन तापले की जमिनीवरचे सगळे वाळून जाते आणि कंद मातीत झोपतो. यातल्या अनेकांकडे आणखी एक युक्ती आहे. त्यांचे जाड मूळ आकुंचन पावते आणि कंदाला खाली ओढून नेते. दरवर्षी थोडे थोडे खोल. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक हंगामात हा सैनिक आपला खंदक खोल करत जातो. मूळ गावी हे शहाणपण आहे. दुसऱ्याच्या शेतात तेच घातक ठरते, हे पुढे येईलच.

भारताच्या वाटेवरची भाजीची बाग

६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने केपला उतरला. कंपनीला तिथे राज्य नको होते, भाजीपाला हवा होता. हॉलंडहून पूर्वेकडे निघालेल्या जहाजांवर स्कर्व्हीने माणसे मरत. हिरड्या सुजत, दात पडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. ताजी पाने आणि फळे मिळाली की माणूस सावरतो, एवढे खलाशांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून केपटाऊनमध्ये कंपनीची बाग उभी राहिली. ती बाग आजही शहराच्या मध्यभागी आहे.

या वस्तीभोवतीच्या टेकड्यांवर आणि मैदानात ऑक्झॅलिस आपणहून उगवत होते. तिथल्या लोकांनी त्यांच्या आंबट पानांना नाव दिले सुरिंग. आजही केपच्या घरांत तळ्यातल्या फुलांच्या कळ्या घालून मटणाचा एक रस्सा करतात. त्याला आंबटपणा आणायला सुरिंगची पाने टाकतात. आपण आमटीत आमसूल टाकतो, तसेच.

ही विश्रांतीची जागा हळूहळू युद्धनीतीची जागा झाली. केप ज्याच्या हातात, त्याच्या हातात भारताची वाट. म्हणून १७९५ मध्ये इंग्रजांनी ऑगस्टमध्ये मायझेनबर्ग येथे लढाई दिली आणि सप्टेंबरमध्ये केप घेतले. १८०३ मध्ये तहानुसार ते परत दिले आणि जानेवारी १८०६ मध्ये ब्लाऊबर्गच्या लढाईनंतर पुन्हा घेतले. मधल्या काळात, सप्टेंबर १७९६ मध्ये, भारतात निघालेला एक तरुण कर्नल आपल्या ३३ व्या पलटणीला गाठण्यासाठी केपला उतरला. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. सात वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या रणांगणावर मराठ्यांसमोर उभा राहिला तो हाच. सप्टेंबर म्हणजे केपचा वसंत. त्या महिन्यात तिथे पिवळ्या ऑक्झॅलिसचा बहर असतो. वेलस्लीने ती फुले पाहून काही लिहून ठेवले का, हा आपला प्रश्न नाही. आपल्यावर चालून आलेले सैन्य ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हे कंदही जगभर गेले, हे महत्त्वाचे.

पहिली वाट : राजाचे काचघर

युरोपात या फुलांची नोंद आधीच झाली होती. लिनिअसने १७५३ च्या ग्रंथात केपच्या काही जातींना नावे दिली. त्याचा शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग १७७२ मध्ये केपला पोहोचला, तीन वर्षे फिरला आणि पुढे १७८१ मध्ये त्याने ऑक्झॅलिसवर प्रबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या क्यू बागेने पाठवलेला फ्रान्सिस मॅसन याच काळात तिथे होता. दोघांनी काही मोहिमा एकत्रही केल्या.

पण खरी रंजक गोष्ट व्हिएन्नाची आहे. शोनब्रुनच्या शाही बागेत उष्ण देशांतल्या झाडांसाठी काचघरे होती. १७८० मध्ये एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री तिथली भट्टी पेटवायची राहून गेली आणि सकाळपर्यंत मौल्यवान झाडे गोठून मेली. एका रात्रीची पहाऱ्यातली ढिलाई, आणि अनेक वर्षांची मेहनत गेली. फौजेत काम केलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही.

सम्राट दुसरा जोसेफ याने नुकसान भरून काढण्यासाठी मोहिमा पाठवल्या. त्यातल्या एका मोहिमेवर १७८६ मध्ये फ्रान्झ बोस आणि गेओर्ग शोल हे दोन बागकामगार केपला गेले. तिथल्या डच फौजेचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट जेकब गॉर्डन. हा सैनिक तर होताच, पण प्रवासी, नकाशे काढणारा आणि निसर्गाचा अभ्यासकही होता. ऑरेंज नदीला ते नाव त्यानेच दिले. केपला येणाऱ्या अभ्यासकांना त्याचा मोठा आधार असे. १७९५ मध्ये केप इंग्रजांच्या हाती गेले, त्याच्याच सैनिकांनी त्याला दोष दिला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. इतिहासात त्याची शरणागती लिहिली गेली. त्याने गोळा केलेले ज्ञान फार थोड्यांना आठवते.

बोस १७८८ मध्ये परतला. शोल मात्र अडकला. गोळा केलेली झाडे न्यायला जहाजांवर जागा मिळेना, पुढे युरोपात युद्ध पेटले. तो १७९९ पर्यंत केपलाच राहिला आणि जमेल तसे कंद आणि बिया व्हिएन्नाला पाठवत राहिला. विचार करा, तेरा वर्षे एकाच ठाण्यावर, बदली नाही, रजा नाही.

या कंदांना व्हिएन्नात एक योग्य माणूस भेटला. त्याचे नाव निकोलाउस योसेफ फोन याकीन. त्याने ते कुंड्यांत वाढवले, फुलल्यावर जिवंत झाडांवरून चित्रे काढून घेतली आणि १७९४ मध्ये केवळ ऑक्झॅलिसवर एक सचित्र ग्रंथ काढला. त्यात सुमारे ८० चित्रपाने आहेत. याच वर्षी आपल्याकडे वानवडीला महादजी शिंदे वारले. म्हणजे काळ कोणता होता ते लक्षात येईल. याकीनने दिलेली अनेक नावे आजही तशीच चालतात.

इथे एक गोष्ट नोंदवा. व्हिएन्नातला कंद कुंडीत होता. त्याच्यावर नाव होते, कुठून आला याची नोंद होती, आणि राखणारा माणूस होता.

दुसरी वाट : माल्टाचे शेत

आता दुसरी वाट पाहू. भूमध्य समुद्रातले माल्टा बेट १८०० मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. तिथल्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकवणारे फादर कार्लो जाचिन्तो यांना एका इंग्रज बाईंकडून केपच्या पिवळ्या ऑक्झॅलिसचे रोप मिळाले, असे सांगितले जाते. साल १८०६. या जातीचे नाव ऑक्झॅलिस पेस-काप्रे, म्हणजे बकरीचा पाय. पानाच्या आकारावरून ते लिनिअसने दिले आहे.

बागेतून ते शेतात गेले. शेतातून दुसऱ्या शेतात. युरोपातल्या इतर बागांतूनही ते बाहेर पडले. आज स्पेन, इटली, उत्तर आफ्रिका, इस्रायल या सगळ्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात त्याचा पिवळा गालिचा दिसतो. पर्यटक फोटो काढतात, शेतकरी कपाळाला हात लावतो. माल्टाचे लोक त्याला आपल्या भाषेत हशीशा इंग्लिझा म्हणतात. अर्थ, इंग्रजांचे गवत. बेटावर राज्य कोणी केले हे पुस्तके सांगतात. कोणी काय मागे ठेवले हे शेतकऱ्याचा शब्द सांगतो.

ऑस्ट्रेलियातही हेच झाले. बागेची शोभा म्हणून नेलेले हे फूल तिथे सोअरसॉब नावाचे तण झाले. ते जास्त खाल्ल्याने मेंढ्यांना विषबाधा होते, कारण तेच ऑक्झॅलिक आम्ल.

यातली खरी गंमत पुढे आहे. ऑक्झॅलिसच्या बऱ्याच जातींत फुलांचे तीन प्रकार असतात. काही झाडांच्या फुलात स्त्रीकेसर लांब, काहींत मध्यम, काहींत आखूड. एका प्रकारच्या फुलाला दुसऱ्या प्रकारचा पराग मिळाला तरच भरपूर बी धरते. चार्ल्स डार्विनने १८७७ च्या पुस्तकात याची सविस्तर चर्चा केली आहे. भूमध्य समुद्राकाठी मुख्यतः आखूड केसराचाच एक प्रकार पोहोचला. जोडीदार नाही, म्हणून बी जवळजवळ नाही. तरीही त्याने एवढा मुलूख व्यापला. कसा? मातीतल्या पिल्ल्या कंदांनी. एक झाड एका हंगामात डझनावारी पिल्ले कंद सोडते. शेतकरी नांगर घालतो, तेव्हा तो शत्रूला मारत नाही, तर त्याच्या तुकड्या शेतभर पसरवतो. आपल्याकडे लव्हाळ्याशी झुंजलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे लगेच कळेल.

माझी चूक

आता माझ्याबद्दल. नोकरीत असताना दक्षिणेतल्या एका डोंगरी छावणीत मला जुना बंगला मिळाला होता. पुढची बाग मोठी आणि रिकामी. चहाच्या मळ्यालगत मला गुलाबी फुलांचे एक ऑक्झॅलिस दिसले. सुंदर होते. मी मूठभर कंद उपटून आणले आणि वाफ्यांच्या कडेने ओळीत लावले, परेडला उभे केल्यासारखे. माळ्याने ते पाहून मान हलवली आणि मोडक्या हिंदीत सांगितले की साहेब, हे लावू नका, हे जात नाही. मी हसलो. दोन वर्षांनी बदली झाली आणि मी विसरून गेलो.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात एक तरुण मराठी अधिकारी भेटला. बोलता बोलता म्हणाला, "सर, तो कोपऱ्यातला बंगला तुमच्याकडे होता ना? तिथल्या बागेत गुलाबी फुलांचं तण आहे. आम्ही एक-एक फूट माती काढून टाकली, तरी येतं. आमच्या आधीच्यांनीही काढलं होतं म्हणे. कोणी लावलं असेल हो?"

मी सांगितले, "मी."

तो आधी गप्प झाला आणि मग हसला. मला मात्र हसू आले नाही. ते ऑक्झॅलिस लॅटिफोलिया होते. ते आफ्रिकेचे नाही, मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाचे आहे. पण वागणूक माल्टाच्या पिवळ्या भावंडासारखीच. निलगिरीच्या चहामळ्यांत ते जुने आणि चिवट तण आहे. मी जे केले, ते माल्टाच्या बागेत झाले तेच. हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असल्याने कंद मातीतून निघत नाही. ज्या माणसाला रोज खुरपे घेऊन बसायचे होते, त्याचे म्हणणे मी ऐकले नव्हते.

एक नौदल अधिकारी

त्या लग्नानंतर मी या कुळाचा अभ्यास सुरू केला आणि मला टेरेन्स मॅक्लीन साल्टर भेटला, म्हणजे पुस्तकातून. हा ब्रिटिश नौदलातला पेमास्टर कॅप्टन. आयुष्यभर पगार आणि हिशेब पाहिलेला माणूस. निवृत्तीनंतर तो केपलाच राहिला आणि ऑक्झॅलिसच्या मागे लागला. दाबून वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग जातो आणि कंद बहुधा जमिनीतच राहतो. म्हणून या कुळाचा अभ्यास कपाटासमोर बसून होत नाही. डोंगर चढावे लागतात, खोल खणावे लागते, कंद लावून फुलण्याची वाट पाहावी लागते. साल्टरने १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ऑक्झॅलिसचा संपूर्ण आढावा प्रसिद्ध केला. त्या जातींचा अभ्यास करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. १९५० मध्ये केप द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा तो सहसंपादक होता.

निवृत्त माणसाने काय करावे, यावर आपल्याकडे सल्ले पुष्कळ मिळतात. मला साल्टरचे उदाहरण पुरेसे वाटते. नोकरीतली शिस्त त्याने फेकून दिली नाही. ती एका लहान फुलाच्या कामाला लावली.

आणि हे काम का गरजेचे आहे तेही पाहा. ज्या कुळातल्या एका जातीने अर्धे जग व्यापले, त्याच कुळातली ऑक्झॅलिस नाटान्स ही पाण्यावर तरंगणारी जात केपच्या पावसाळी डबक्यांत नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. गव्हाची शेते आणि शहरे वाढली, डबकी बुजली. बाहेर गेलेला भाऊ माजला आणि घरातला भाऊ मरतो आहे. कोणता कंद कुठे आहे याची नोंद ठेवणारा माणूस नसेल, तर दोन्हीकडचे नुकसान उशिरा कळते.

आपण काय करू शकतो?

आज माझ्या गच्चीवर ऑक्झॅलिसच्या काही कुंड्या आहेत. ज्यांना हा छंद करायचा आहे, मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा डेहराडूनला, त्यांच्यासाठी माझे काही नियम सांगतो.

पहिला नियम. ऑक्झॅलिस फक्त कुंडीत. वाफ्यात नाही, हिरवळीत नाही, सोसायटीच्या सामाईक बागेत तर अजिबात नाही. कुंडीच्या तळाच्या भोकावर बारीक जाळी घाला आणि कुंडी मातीवर न ठेवता फरशीवर ठेवा.

दुसरा. केपचे कंद पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास लावा. माती वाळूमिश्रित, निचऱ्याची. भरपूर ऊन द्या, कारण ढगाळ दिवशी आणि रात्री यांची फुले मिटलेली असतात. ऑक्झॅलिस व्हर्सिकलर या जातीची मजा तर मिटलेल्या फुलातच आहे. पांढऱ्या पाकळीची कड मागून लाल असते, त्यामुळे पीळ दिलेल्या गोळीच्या कांडीसारखी कळी दिसते.

तिसरा. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने पिवळी पडली की झाड मेले असे समजून पाणी ओतू नका. तो झोपायला चालला आहे. पाणी थांबवा, कुंडी सावलीत ठेवा आणि पावसात भिजू देऊ नका.

चौथा. प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी आणि वहीत नोंद. कोणाकडून आला, केव्हा लावला, केव्हा फुलला. जुनी माती बदलताना ती कचऱ्यात किंवा झाडाखाली टाकू नका. काळ्या पिशवीत बांधून कडक उन्हात काही आठवडे ठेवा, चाळून घ्या, मगच वापरा.

पाचवा, आणि हा कायद्याचा आहे. परदेशातून येताना सामानात कंद आणू नका. आपल्याकडे २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. परवाना आणि त्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. मुलगा किंवा सून प्रेमाने खिशातून चार कंद आणते, तेव्हा ती सीमाच ओलांडत असते, हे घरात सांगा. आपण सीमेवरच्या घुसखोरीवर तासन् तास बोलतो. विमानतळावरून येणाऱ्या या घुसखोरीवरही थोडे बोलले पाहिजे.

आणि सहावा नियम मी उशिरा शिकलो. माळी नको म्हणाला, तर आधी का ते विचारा.

एकाच टोकावरून, एकाच शतकाच्या आसपास कंद निघाले. काही व्हिएन्नाला पोहोचले आणि ज्ञान झाले. काही माल्टाला पोहोचले आणि उपद्रव झाले. कंदाचा यात दोष नाही. जमीन मिळेल तिथे पसरणे हा त्याचा धर्म आहे. त्याला कुंडीत ठेवणे, त्याचे नाव लिहिणे आणि भट्टी रोज पेटती ठेवणे हे माणसाचे काम.

मागच्या हिवाळ्यात त्या तरुण अधिकाऱ्याला मी एक कुंडी दिली. लाल कडेचे पांढरे ऑक्झॅलिस. सोबत एका कागदावर वरचे सहा नियम लिहून दिले. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "सर, हे ऑर्डर आहे की गिफ्ट?"

मी म्हणालो, "दोन्ही."

जय हिंद.